बंद छापखान्यात अभ्यासिका, कार्यशाळा आणि सभागृह: एक अर्ज, तीन आराखडे

बारा वर्षं कुलूप असलेल्या एका छापखान्यात ऑक्टोबरपासून सकाळी अभ्यासिका भरते, दुपारी दुरुस्ती आणि हस्तकलेच्या कार्यशाळा होतात, आणि आठवड्यातून एक-दोन संध्याकाळी व्याख्यान किंवा छोटं नाटक असतं. हॉल एकच आहे. फर्निचर तेच, फक्त मांडणी बदलते. हे काम हाती घेतलं तेव्हा रिकाम्या इमारतींच्या नव्या वापराबद्दल वाचायला बसले होते. फोटो भरपूर मिळाले. आवक शाखेच्या खिडकीपलीकडे फाइलचं काय होतं हे मात्र कुणी लिहिलेलं सापडलं नाही. ते लिहायचं म्हणून हा लेख.

आम्ही सहा जण. एक मैत्रीण इंटिरिअर डिझाइनर, एक मित्र सुतारकामात मुरलेला, बाकीचे हौशी. कागदपत्रांची बाजू माझ्याकडे आली, कारण रांगेत उभं राहून पुस्तक वाचण्याची कला एकट्या मलाच अवगत होती.

नोव्हेंबर: जागा आणि करार

जागा पाहिली तेव्हा वीज तोडलेली होती, तरी आत लख्ख उजेड होता. जुन्या कारखान्यांना असतं तसं दातेरी छप्पर, आणि प्रत्येक दात्याच्या उभ्या बाजूला काचा. या काचा ऊन थेट आत येणार नाही अशा दिशेला ठेवलेल्या असतात, त्यामुळे दिवसभर एकसारखा, सावल्या न पाडणारा प्रकाश मिळतो. छपाई तपासायला तो लागायचा, वाचनालाही तोच हवा. हॉल वीस मीटर लांब, दहा मीटर रुंद, सरासरी उंची पाच मीटर. जमीन काँक्रीटची, पण तेल पिऊन काळी पडलेली. यंत्रं होती तिथे खड्डे, आणि त्यांना जोडणाऱ्या केबलच्या चाऱ्या.

मालकांची अट एकच: पाच वर्षं वापरा, जाताना जागा होती तशी परत द्या. भिंतीत नवा खिळाही ठोकायचा नाही. आमची डिझाइनर दोन दिवस नाराज होती. मग म्हणाली, की ही अट म्हणजेच आपलं डिझाइन. तिच्याकडून मला पहिल्यांदा जॉन हाब्राकेन या डच वास्तुरचनाकाराबद्दल कळलं. १९६१ मध्ये त्याने सामूहिक घरबांधणीबद्दल मांडणी केली होती, की इमारतीचे दोन भाग धरावेत: टिकून राहणारा आधार, आणि राहणाऱ्याने आपल्या गरजेप्रमाणे भरायचा, काढायचा, बदलायचा आतला भाग. दोन्हींचं आयुष्य वेगळं, म्हणून दोन्हींचे निर्णय घेणारेही वेगळे.

हा विचार आम्ही सरळ करारात उतरवला. छप्पर, पन्हळी, खांब, भिंती आणि जमिनीखालची नाली मालकांकडे. जे काही उभं राहतं, लटकतं, चाकांवर फिरतं किंवा स्क्रूने सुटं होतं ते आमच्याकडे. वीज मीटरपर्यंत त्यांची, मीटरपुढे आमची. वकिलांना ही भाषा जरा बाळबोध वाटली, पण पुढे एकदाही वाद झाला नाही.

करार करणाऱ्यांनी दोन गोष्टी आग्रहाने मागाव्यात. पहिली, भाडं किल्ली मिळाल्या तारखेपासून नाही तर वापराची मंजुरी मिळाल्या तारखेपासून सुरू व्हावं. मालक पूर्ण मान्य करणार नाहीत. आम्हाला मंजुरीपर्यंत निम्मं भाडं पडलं, आणि त्यानेच आम्ही तरलो. दुसरी, करारासोबत स्थितीपत्रक जोडावं: प्रत्येक तडा, फुटकी काच, गंजलेली खिडकी, सगळ्याचे तारखेसह फोटो, दोघांच्या सह्यांनिशी. ‘होती तशी’ म्हणजे नेमकी कशी, याचा पाच वर्षांनी दुसरा कुठलाच पुरावा नसतो.

डिसेंबर: इमारत काय सोसू शकते

स्ट्रक्चरल इंजिनिअर मॅडम आल्या त्या एक हातोडीसारखं उपकरण आणि एक छोटी बाटली घेऊन. उपकरण काँक्रीटवर दाबलं की आतला दांडा किती उसळी घेतो त्यावरून पृष्ठभागाच्या कठीणपणाचा अंदाज येतो. बाटलीत फिनॉल्फ्थॅलीन. काँक्रीटचा ताजा तुकडा काढून त्यावर ते शिंपडलं, की चांगलं काँक्रीट गडद गुलाबी होतं. जिथे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने त्याचा अल्कली गुण संपवलाय तो भाग रंगहीनच राहतो. रंगहीन थर सळईपर्यंत पोहोचला, की सळई गंजायला मोकळी. आमचे खांब बरे निघाले. मागच्या भिंतीवरची एक तुळई मात्र सळईपर्यंत रंगहीन होती. तिची दुरुस्ती करारानुसार मालकांकडे गेली आणि जानेवारीअखेर झाली.

छपराचे पत्रे पाहून मॅडमनी हात वर केले. नमुना प्रयोगशाळेत पाठवला, आणि अहवाल आला: अॅस्बेस्टॉस. घाबरण्याआधी हे समजून घ्या, की अखंड पत्रा आणि फुटलेला, कापलेला, भोक पाडलेला पत्रा यांच्या धोक्यात फार अंतर आहे. तंतू हवेत उडाले की ते श्वासातून आत जातात. आमचे पत्रे शाबूत होते. मालकांनी हे काम करणाऱ्या परवानाधारक मंडळींकडून ते आतून सील करून घेतले, आणि आम्ही नियम केला की छपराला कुणी हात लावायचा नाही. दिवे, पडदे, आवाजाचे पॅनेल, सगळं छप्पर पेलणाऱ्या लोखंडी कैचीला (सळ्यांच्या त्रिकोणी सांगाड्याला) क्लॅम्पने आवळायचं. कैचीच्या कुठल्या सांध्यावर किती किलो चालतील ते मॅडमनी नकाशावर लिहून दिलं. तो नकाशा आज हॉलच्या दाराशी लावलेला आहे, कारण नाटकवाल्यांना काहीतरी टांगण्याची फार हौस असते.

जानेवारी: शिसं

या महिन्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण जुन्या छापखान्याला, बॅटरीच्या किंवा रंगाच्या जुन्या कारखान्याला हात घालणाऱ्या कुणाच्याही वाट्याला हे येऊ शकतं.

याच छापखान्यात पूर्वी जुळारी, म्हणजे अक्षरं जुळवणारे, असलेले एक काका साफसफाई चाललेली पाहून आत आले. कुठे खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या सुट्या धातूच्या अक्षरांच्या, केसेस होत्या, कुठे शाईचं कोठार होतं, हे सांगता सांगता मागच्या छोट्या खोलीपाशी थांबले. म्हणाले, “इथे झिजलेले खिळे वितळवून पुन्हा ओतायचो आम्ही. झाडू मारताय तो जरा थांबवा.” छपाईचे खिळे शिसं, अँटिमनी आणि कथिल यांच्या मिश्रधातूचे, आणि त्यात मोठा वाटा शिशाचा. ती भट्टी, ते तासकाम, वर्षानुवर्षं खाली पडलेली पूड. आम्ही ज्या धुळीत उभे होतो ती साधी धूळ नसणार.

अभ्यासिकेत शाळकरी मुलं येणार होती. शिशाची अमुक एक मात्रा निर्धोक असं जागतिक आरोग्य संघटना म्हणतच नाही. लहान मुलांच्या वाढत्या मेंदूवर ते थोड्या प्रमाणातही परिणाम करतं, आणि मुलं हात तोंडात घालतात. त्या दिवशी घरी जाऊन मी रजिस्टरमध्ये लिहिलं होतं, ‘जागा सोडावी का?’ दोघांचं मत सोडावी असंच होतं.

आधी चाचणी करायची ठरली. धुळीची चाचणी सोपी असते: मोजून आखलेल्या चौकोनावर ओला पुसणा ठरावीक पद्धतीने फिरवायचा, नळीत बंद करायचा, प्रयोगशाळेला द्यायचा. उत्तर मायक्रोग्रॅममध्ये येतं. नमुने फक्त जमिनीचे घेऊ नका. खिडकीच्या कठड्यांवर आणि कैचीच्या वरच्या अंगावर धूळ सर्वांत जास्त साठते, आणि पंखा लावला की तीच खाली उतरते. अहवालाला तीन आठवडे लागले. हॉलमध्ये शिसं मर्यादेच्या थोडं वर, कैचीवर बरंच वर, भट्टीच्या खोलीत खूप.

सफाईची रीत अशी. कोरडा झाडू बंद. साधा व्हॅक्यूम क्लीनरही बंद, कारण बारीक कण त्याच्या पिशवीतून पार होऊन परत हवेत येतात. असे बारीक कण अडवणारी हेपा गाळणी असलेलाच हवा. वरून खाली यायचं: आधी कैच्या, मग भिंती, मग कठडे, शेवटी जमीन. हेपा, मग डिटर्जंटच्या पाण्याने पुसणं, मग स्वच्छ पाण्याने, मग पुन्हा हेपा. धुण्याची बादली वेगळी, विसळण्याची वेगळी. जुना रंग घासून काढायचा नाही, कारण त्यातही शिसं असू शकतं. वर नवा रंग चढवून तो झाकायचा. साचलेला कचरा घातक कचरा म्हणून वेगळा जातो आणि त्याची पावती मिळते. ती जपून ठेवा, पुढे मागतात. हे काम आम्ही हौसेने केलं नाही, प्रशिक्षित लोकांकडून करून घेतलं.

दुसऱ्या चाचणीत हॉल पास झाला. भट्टीची खोली झाली नाही. ती आम्ही कायमची बंद करून दाराला सील लावलं, आणि आराखड्यातून वजा केली. तेवढी जागा गेली याचं वाईट वाटलं, पण निर्णय सोपा होता. हॉलच्या तेलकट जमिनीवर रंगही धरत नव्हता आणि चिकटवलेला थरही, म्हणून एकमेकांत अडकणाऱ्या जाड रबरी लाद्या मोकळ्याच पसरल्या. जमिनीत काही उरलं असेल ते खाली झाकलं गेलं, आणि पाच वर्षांनी लाद्या उचलून नेता येतील. काका आता दर शनिवारी येतात. चहा नको म्हणतात, जुने ठोकळे दाखवायला आणतात. धुवूनच आणतात, हे तेच आवर्जून सांगतात.

फेब्रुवारी ते मे: रकाना एक, वापर तीन

नगरपालिकेच्या वापरबदलाच्या अर्जात ‘प्रस्तावित वापर’ असा एक रकाना असतो. आधीचा वापर ‘उद्योग’. नवा? खिडकीवरचे एक गृहस्थ म्हणाले, ग्रंथालय लिहा, पटकन होईल. आतल्या टेबलावरच्या मॅडम म्हणाल्या, कार्यक्रम करणार असाल तर सभागृह लिहा, नाहीतर पहिल्याच कार्यक्रमाला कुणीतरी तक्रार करेल. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते.

बदलत्या जागांचं नियमांशी हे भांडण जुनं आहे. नेदरलँड्समधल्या उट्रेख्टमध्ये १९२४ साली वास्तुरचनाकार गेरिट रीटफेल्ट आणि घराची मालकीण ट्रूस श्रोडर यांनी मिळून एक घर रचलं. त्याच्या वरच्या मजल्यावर सरकत्या भिंती आहेत: दिवसा एक मोठी खोली, रात्री चार छोट्या. परवानगीच्या कागदावर मात्र तो सबंध मजला ‘माळा’ म्हणून दाखवलेला होता, कारण नियमांत असल्या मजल्याला जागाच नव्हती. आज ते घर जागतिक वारसा यादीत आहे. आम्हाला वारसा यादीत जायचं नव्हतं, आणि शंभर माणसं जमणार असताना काहीही लपवणं शहाणपणाचं नव्हतं.

त्यातून आम्हाला सापडलेली वाट अशी. अर्जात सर्वांत कडक नियम लागणारा वापर लिहायचा, म्हणजे सभागृह. सोबत प्रत्येक मांडणीचा वेगळा आराखडा जोडायचा. अग्निशमन विभागाला तुमच्या डिझाइनच्या लवचिकतेत रस नसतो. गर्दीच्या सगळ्यात वाईट दिवशी आत किती माणसं असतील, आणि दिवे गेले तर ती किती वेळात बाहेर पडतील, एवढंच त्यांना बघायचं असतं. नुसत्या खुर्च्या मांडल्या तर माणशी जागा कमी धरतात, टेबलं असली तर जवळपास दुप्पट. त्यामुळे एकाच हॉलची क्षमता मांडणीगणिक बदलते. आमचे आकडे असे ठरले: अभ्यासिका ५४, कार्यशाळा ३०, सभागृह १२०. बाहेर पडायचे दरवाजे, आपत्कालीन दिवे, स्वच्छतागृहं, सगळं १२० च्या हिशेबाने.

अर्ज फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात दिला. आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, आणि तो अर्जाच्या तुमच्या प्रतीवर शिक्क्यासकट घ्या. मार्चअखेर त्रुटीपत्र आलं. वाहनतळ कुठे? रोलिंग शटर दरवाजा म्हणून दाखवलंय, ते चालणार नाही. अपंगांसाठी प्रवेश नाही. पडद्यांच्या कापडाचं प्रमाणपत्र नाही. शटरचं त्यांचं म्हणणं रास्तच होतं, वीज गेली किंवा पट्टी अडकली की शटर म्हणजे भिंत. शटर उघडून आतल्या बाजूला स्वतंत्र चौकट उभी केली आणि तिला बाहेर उघडणारी दोन झडपं बसवली. शटरला कार्यक्रमाच्या वेळी वरच अडकवून ठेवणारी खिट्टी आहे, आणि ती लागली की नाही हे रजिस्टरमध्ये लिहावं लागतं. वाहनतळासाठी शेजारच्या कार्यालयाचं आवार संध्याकाळी रिकामं असतं, त्यांचं संमतिपत्र जोडलं.

त्रुटी तुकड्यातुकड्यांनी येऊ नयेत म्हणून एक करता येतं: उत्तर देताना पत्राच्या शेवटी ‘याव्यतिरिक्त काही त्रुटी असल्यास एकत्रित कळवाव्यात’ अशी ओळ लिहायची. सक्ती नाही कुणावर, पण फाइल पुढच्या टेबलावर गेल्यावर ती ओळ वाचली जाते.

एप्रिलभर फाइल ‘वर’ होती. वर म्हणजे कुठे, हे विचारून समजत नाही. याच काळात निम्मं भाडं जात होतं, कामाला हात लावता येत नव्हता, आणि आमच्यातला एक जण नोकरीमुळे बाहेर पडला. या रिकाम्या महिन्यात आम्ही एक बरी गोष्ट केली: लाद्यांवर दोऱ्या पसरून आणि पुठ्ठ्याची खोकी ठेवून तिन्ही मांडण्या प्रत्यक्ष आखून पाहिल्या. कागदावर झकास दिसणारी कार्यशाळेची मांडणी दोऱ्यांत उभं राहिल्यावर लगेच रद्द झाली, कारण करवतीचं टेबल बरोबर बाहेर पडायच्या वाटेत येत होतं.

मेच्या शेवटी अग्निशमन अधिकारी पाहणीला आले. पिवळ्या दोरीकडे बोट दाखवून म्हणाले, “ही काय?” म्हटलं, “बाहेर पडायची वाट. मांडणी कुठलीही असो, या दोरीच्या आत काही ठेवायचं नाही असं ठरवलंय.” म्हणाले, “दोरी काढा आणि रबराची पिवळीच लादी टाका. कायमची.” भेटीतलं त्यांचं हे सर्वांत लांब वाक्य. जूनच्या पहिल्या आठवड्यात अटींसह तात्पुरती मंजुरी आली.

जून ते ऑगस्ट: काम

सगळ्या मापांचा पाया प्लायवुडचा तक्ता. आठ बाय चार फूट, म्हणजे २४४० बाय १२२० मिलिमीटर. पडद्या (म्हणजे सुट्या आडभिंती), टेबलं, मंचाचे ठोकळे, सगळं त्याच्या पूर्ण, अर्ध्या किंवा पाव मापात बसवलं, त्यामुळे वाया जाणारं लाकूड अगदी थोडं. मंचाचे ठोकळे आडवे टाकले की व्यासपीठ, एकावर एक चढवले की पुस्तकांच्या घोड्या. पडद्या एक तक्ता उंच, छतापर्यंत मुद्दाम नेल्या नाहीत. छताला भिडणारी भिंत घातली की नियमांच्या नजरेत ती नवी खोली होते, मग तिला वेगळा धूरसूचक, वेगळी हवा, वेगळी वाट. शिवाय वरून येणारा तो सुरेख उजेड अडला असता.

चाकांवर पैसे वाचवू नका. छोटी चाकं प्रत्येक फटीत अडकतात. आम्ही १०० मिलिमीटर व्यासाची, रबरी धावेची, ब्रेकवाली लावली. पुस्तकांच्या फिरत्या कपाटांची उंची कमी ठेवली आणि बूड रुंद, नाहीतर ढकलताना ती वरून कलतात.

यंत्रांच्या खड्ड्यांवर लोखंडी झाकणं टाकली आणि आत मंचाचे पाय, वायरींची वेटोळी असलं सामान ठेवतो. केबलच्या चाऱ्या हे या जागेचं खरं घबाड. त्यांतून नवी वीज नेऊन दर तीन मीटरवर जमिनीत झाकणाचा सॉकेट दिला. जागा बदलती ठेवायची तर वीज सगळीकडे लागते, आणि भिंतीला हात न लावता ती देणं एरवी फार खर्चिक पडलं असतं.

मग आवाज. रिकाम्या हॉलमध्ये टाळी वाजवली की ती पाच-सहा सेकंद घुमत राहायची. वाक्य संपायच्या आत त्याची सुरुवात परत यायची. वॉलेस सॅबाइन नावाच्या तरुण प्राध्यापकाला १८९५ मध्ये हार्वर्डच्या एका व्याख्यानगृहाची हीच तक्रार सोडवायला दिली होती. तो रात्री, शांतता असताना, विद्यापीठाच्याच नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचा आणि किती गाद्यांनी घुमणं किती कमी होतं ते मोजायचा. आवाज किती सेकंद घुमेल ते काढायचं त्याचं सूत्र आजही चालतं: घनमीटरमधलं आकारमान गुणिले ०.१६१, भागिले आवाज शोषणारं एकूण क्षेत्र. आमचं आकारमान १००० घनमीटर. काँक्रीट, वीट, काच, पत्रा मिळून शोषण जेमतेम २८ चौरस मीटरचं. उत्तर पावणेसहा सेकंद, टाळीशी जुळणारं. बोलणं स्पष्ट ऐकू यायला एक-सव्वा सेकंद हवा, म्हणजे शोषण जवळजवळ पाचपट करायचं.

लाकडी चौकटीत ५० मिलिमीटर रॉकवूल, वर कापड, असे पॅनेल कैच्यांना टांगले. भिंतीपासून सुटे लटकत असल्याने दोन्ही अंगांनी आवाज पितात, त्यामुळे कमी पुरले. तीन बाजूंना जाड पडदे, सुट्या लोखंडी चौकटीवर. कापड आग न धरणारं, प्रमाणपत्रासह. ते प्रमाणपत्र विकत घेतलेल्या कापडाच्या नेमक्या गठ्ठ्याचं मागतात, सर्वसाधारण पत्रक चालत नाही. विकत घेतानाच मागून घ्या. बसलेली माणसंही आवाज शोषतात, म्हणून भरलेल्या हॉलची काळजी करू नका. रिकाम्या अभ्यासिकेतली एकच खुर्ची सरकली की ती ऐकू येते, काळजी तिची. खुर्च्यांच्या पायांना नमदा लावला.

अपंगांसाठीच्या प्रवेशाची त्रुटी रॅम्पने सोडवली. दाराची पायरी ४५ सेंटिमीटर उंच. एकास बारा उताराने रॅम्पची लांबी ५.४ मीटर, वर-खाली सपाट जागा वेगळी. तो बोल्टने जोडलेल्या लोखंडी तुकड्यांचा केला, सुटा.

जुलैत पहिला मोठा पाऊस झाला आणि दोन छपरांमधल्या पन्हळीतून हॉलमध्ये धार लागली. दातेरी छपराची ही ठरलेली दुखरी जागा. पालापाचोळ्याने पन्हळ तुंबते आणि पाणी काठावरून आत येतं. करारात पन्हळी मालकांच्या बाजूला होत्या. त्यांनी दोन दिवसांत माणसं पाठवली. आता दर पावसाआधी सफाई होते, तारीख स्थितीपत्रकाच्या मागे लिहितो.

खर्चाबद्दल विचारणा होते म्हणून सांगते. आकडे जागेगणिक बदलतील, प्रमाण उपयोगी पडावं. एकूण खर्चाचे शंभर भाग केले, तर वीज आणि अग्निसुरक्षेवर ३४, शिशाच्या चाचण्या-सफाईवर १७, स्वच्छतागृहं आणि रॅम्पवर १६, पडद्या-टेबलं-मंच-लाद्यांवर १५, आवाजावर १२, शुल्क आणि नकाशांवर ६. लोक येऊन ज्याचे फोटो काढतात ते सगळं त्या पंधरात आहे. देणगी मागायला जाल तेव्हा हे ध्यानात ठेवा. फिरत्या कपाटाला देणगीदार लगेच मिळतो, आपत्कालीन दिव्यांना कुणी नाव देत नाही.

सप्टेंबर आणि त्यानंतर

अंतिम पाहणीत तिन्ही मांडण्या एकापाठोपाठ एक लावून दाखवा म्हणाले. दोघांनी मिळून अभ्यासिकेचं सभागृह करायला पाऊण तास लागला. टेबलं बाजूच्या खोलीत, खुर्च्यांच्या गाड्या बाहेर. त्यावरून सांगते: बदलत्या जागेतली सगळ्यात महत्त्वाची खोली म्हणजे गोदाम. वापरात नसलेल्या मांडणीचं सामान कुठे जाणार याचं उत्तर नसेल, तर महिन्याभरात ते भिंतीला टेकतं, मग पिवळ्या वाटेवर येतं, आणि मग मांडणी बदलणंच बंद होतं. आम्ही एकूण जागेचा दहावा हिस्सा त्यासाठी राखला होता. तो कमीच पडतोय.

परवाना सप्टेंबरअखेर मिळाला. अग्निशमनाचा दाखला ठरावीक मुदतीने नव्याने घ्यावा लागतो, आपत्कालीन दिव्यांची दर महिन्याला चाचणी आणि नोंद. हे ज्याच्या गळ्यात पडणार त्याचं नाव सुरुवातीलाच ठरवा. आमच्याकडे ते कोणाचं आहे हे सांगायला नको.

आमची डिझाइनर ब्राझीलमधल्या लीना बो बार्दी या वास्तुरचनाकार बाईचं उदाहरण सारखं देते. साओ पावलोतल्या पिंपांच्या एका जुन्या कारखान्याचं सांस्कृतिक केंद्र करायचं काम तिच्याकडे आलं, तेव्हा त्या रिकाम्या शेडमध्ये मुलं खेळताना आणि घरंच्या घरं जमलेली तिने पाहिली होती. तिने शेड पाडल्या नाहीत, जे आधीच चाललं होतं त्याला जागा करून दिली. १९८२ मध्ये ते केंद्र उघडलं. आमच्याकडे बारा वर्षं कुलूप होतं, त्यामुळे पाहण्यासारखं आत काही चाललेलं नव्हतं. ते ऑक्टोबरनंतर दिसायला लागलं. कार्यशाळेसाठी केलेल्या उंच टेबलांवर मुलं उभ्याने अभ्यास करतात. व्याख्यानाला आलेले लोक मंचाच्या ठोकळ्यांवर बसतात आणि मांडलेल्या खुर्च्या रिकाम्या राहतात. पडद्यांमागचा कोपरा आम्ही गोदामाचा विस्तार म्हणून धरला होता, तो बायकांनी गप्पांसाठी ताब्यात घेतलाय.

त्याच बायकांनी गेल्या महिन्यात विचारलं, की सकाळी सहा ते सात टेबलं बाजूला सारून व्यायाम केला तर चालेल का. जागा आहे, चाकं आहेत, जमीनही मऊ आहे. पण मंजूर आराखडे तीनच, आणि त्यांत व्यायाम नाही. आवक शाखेतल्या गृहस्थांनी मला पाहून विचारलं, “आता काय?” चौथी मांडणी काढली, पिवळी वाट मोकळी ठेवून माणसं मोजली, नकाशा जोडला. सोमवारी अर्ज दिला आहे. आवक क्रमांक घेतला आहे.